कड्यावरची सोनकी

“ही सोनकी न्हवं, कृष्णात. ह्यो कारळा हाय,” शेजारची विठाबाई म्हणाली. गौर घेऊन उंबऱ्यात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोच्या, संयोगिताच्या पायांवर पाणी घालता घालता तिचा हात थांबला.

कृष्णात चपापला. मसाई पठाराखालच्या त्या गावात गौर म्हणजे तेरड्याची जुडी, आणि तिच्या माथ्यावर खोवलेली पठारावरची पिवळी सोनकी. ती रानात आपसूक येते, कारळा माणसं तेलासाठी पेरतात. सकाळी बायकोला गाडीवर घेऊन तो निघाला होता खरा, पण धुकं आणि चिखल बघून कड्यापर्यंत जायचा त्याला कंटाळा आला. वाटेवरच्या आकारामच्या शेतातल्या कारळ्याच्या चार डहाळ्या मोडून, पिवळं ते पिवळं, कोण बघतंय, म्हणत त्यानं बायकोच्या हातात दिल्या. तिलाही फरक ठाऊक नव्हता. इतकी वर्षं सोनकी आक्काच आणायची.

आक्का त्याची थोरली बहीण. मुरगूडला दिली होती, पण दर गौरीला माहेरी यायची, पठार चढायची आणि गौर तिच्याच हातानं घरात यायची. यंदा उन्हाळ्यात दाजी गेले आणि ती कायमची माहेरी आली. विधवांना सणावारात मान द्यायचा, असा ठराव गावानं केला होता. गावाला नळाचं पाणी सोडणाऱ्या कृष्णातनंच ग्रामसभेत सगळ्यांत आधी हात वर केला होता. टाळ्या पडल्या तेव्हा स्वारीची छाती केवढी फुगली होती! पण लेकीला, वर्षाराणीला बघायला पाहुणे नेमके गौरीलाच येणार, असं कळलं आणि सगळं अवसान गळालं. विधवेच्या हातची गौर बघून तिचं जमत आलेलं मोडलं तर? काल तो चुलीपाशी जाऊन म्हणाला, की औंदा गौर संयोगिताच आणेल, तू आपली भाजी-भाकरीचं बघ. आक्का भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसतं ‘बरं’ म्हणाली आणि शेपू निवडत राहिली.

“आक्का गेली न्हाय व्हय औंदा?” विठाबाईनं विचारलं.

सोप्यात बसलेल्या पाहुण्यांनी माना वळवल्या.

“गुडघा धरलाय तिचा,” कृष्णात म्हणाला. “चालाय येत न्हाय.”

बोलला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. पहाटेच तर तिनं भरलेली घागर कमरेवर घेऊन अंगण ओलांडलं होतं.

तेवढ्यात आक्का दुधाचा तांब्या घेऊन आतून आली. भिंतीला हात लावत, एक पाय ओढत आली. “व्हय विठाबाई, लई ठणकतोय,” म्हणत तिनं तांब्या दिला आणि तशीच आत गेली. पाहुण्यांतल्या एका बाईनं निगडीच्या पाल्यानं शेकायला सांगितलं. कृष्णातला मान वर करवेना.

पाहुणे जेवले, वर्षाराणीला पसंत करून गेले. हवं ते सगळं झालं होतं, पण आक्कानं वाढलेल्या ताटावरनं तो अर्धपोटीच उठला. दिवसभर ती लंगडतच वाढत होती.

बोळवणीच्या दिवशी तो एकटाच पठार चढला. कड्यावर सगळीकडं सोनकी माजली होती. भिजून, चिखलानं माखून तो परतला तेव्हा संयोगिता आणि वर्षाराणी शेजारी हळदी-कुंकवाला गेल्या होत्या. त्यानं फुलं आक्कापुढं धरली.

“माझं चुकलं, आक्का. लई चुकलं. आज गौर तूच न्यायची.”

आक्कानं सुकलेला कारळा काढला. सोनकीचे देठ सारखे करून गौरीच्या माथ्यावर खोवले आणि पदरानं गौरीवरचं पाणी टिपलं.

“आता कशी नेऊ रं? गुडघा धरलाय न्हवं माझा. समद्या गल्लीला ठावं हाय.”

बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर त्याला सोसला असता.

घरात त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. आक्का उठली आणि एक पाय ओढत आत गेली.