नानाने सोडलेलं उदक

वनमालेच्या पुढ्यातला पेजेचा टोप नानाने उचलला आणि थेट चुलीमागच्या फळीवर नेऊन ठेवला.

"उद्यापासून गुरुवारपर्यंत हिच्या पोटात पाण्याबिगर काय जाऊचा नाय," त्याने घरापुढच्या खळ्यात उभं राहून जाहीर केलं. "माझो शब्द आसा."

सकाळभर वनमाला मळ्यात लाल माठाच्या वाफ्यातलं तण काढत बसली होती. गोराईची ती जमीन टीचभर, त्यात खारी. ऑक्टोबरच्या उन्हात इतकी तापायची की सोडलेलं पाणी माती एका घोटात पिऊन टाकायची. किमोच्या दोन बाटल्या झाल्यापासून तिच्या अंगात बळ नव्हतं, डोक्यावरचे केस गेले होते, तोंड आतून सोललं होतं. तरी ती बुडाखाली पोतं घेऊन वाफ्याकडेने सरकत राहायची. मीठ न घातलेली गार पेज तेवढी त्या तोंडातून उतरायची. तीही आता फळीवर गेली.

नाना म्हणजे तिच्या नवऱ्याचा, सहदेवचा थोरला भाऊ. चाळीस वर्षं वनमालेचे शनिवार, संकष्ट्या, एकादश्या चालू होत्या, आणि चाळीस वर्षं नाना नेमका शनिवारी बांगडे आणून तिलाच तळायला लावत होता. वर ताटावर बसून विचारायचा, "देवाक तुझ्या उपाशी पोटाचा लोणचा घालूचा आसा काय गो?" त्याच नानाला आता फोनने उपासाचं ज्ञान दिलं होतं.

"शरीर उपाशी ठेवला की रोग कमजोर पडता," तो सहदेवला समजावत होता. "मगे औषध बरोबर त्येकाच गाठता, चांगल्या पेशींका धक्को नाय. उंदरांवर करून बगल्यानी हत."

"उंदराक सासर नसता भावजी," वनमाला हळूच म्हणाली.

सहदेव हसला, आणि नानाने बघितल्यावर हसला नव्हता असा चेहरा केला. त्याचं आयुष्य असंच गेलं होतं. तो वाईट माणूस नव्हता. बायकोच्या तपासणीला तो दर वेळी सोबत जायचा, डॉक्टरीणबाईंचं सगळं ऐकायचा आणि घरी आल्यावर नानाचं ऐकायचा.

मागच्या खेपेला बाईंनी काट्याकडे बोट दाखवून स्पष्ट सांगितलं होतं. वजन एकोणचाळीस आहे. अडतीसच्या खाली गेलं तर तिसरी बाटली देणार नाही, पुढे ढकलू. वनमालेने त्या दिवसापासून एकच धरलं होतं, की गुरुवारी काटा अडतीसच्या वर राहिला पाहिजे. दोन बाटल्यांचे हाल सोसले ते तिसरी चुकवायला नव्हे.

"भावजी, ह्या तुम्ही सांगतास ता डॉक्टरी आसा की व्रत?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"डॉक्टरी असात तर डॉक्टरीणबाईंका विचारूया. व्रत असात तर माका इचारा. चाळीस वर्षांचे उपास माझ्या हाताखालसून गेलेहत."

नाना काही बोलायच्या आत सून मानसीने फोन लावून मोठ्या आवाजावर ठेवलासुद्धा. ती अंधेरीची, तिला नानाची भीड कमी.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. "असे अभ्यास सुरू आहेत हो. काही रुग्णांना त्रास कमी झाल्यासारखा वाटलाय, पण ते लहान अभ्यास आहेत, पक्कं काही नाही. आणि जे होतं ते आमच्या देखरेखीखाली. वनमालाबाईंचं वजन उतरतंय, त्यांनी जेवायचंच. अंडं, डाळ, दूध, जे घशाखाली जाईल ते. उपाशी ठेवलंत तर गुरुवारी मी त्यांना परत पाठवीन."

फोन बंद झाला. मानसी म्हणाली, "झालं ना नाना? विषय संपला."

"त्येंका काय कळता," नाना उसळला. "ती औषधवाल्यांची माणसां. ह्या सगळा आपल्या ऋषीमुनींचा. लंघन. व्रतच ता. डॉक्टरी कसली?"

"व्रत ना?" वनमालेने परत विचारलं.

"व्रत. शंभर टक्के."

वनमाला गुडघ्यावर हात टेकून उठली, घरात गेली आणि देवासमोरचा तांब्या नि तुळशीचं पान घेऊन आली.

"मगे हात पुढे करा भावजी."

"माझो हात कित्याक?"

"तुमका कावीळ झाली तेव्हा सासूबायनी तुमच्या नावान सोळा सोमवार बोलले. तुम्ही काय म्हणालास? आजाऱ्याचो उपास आजाऱ्यान करूचो नसता, घरातल्या धडधाकट माणसान धरूचो. सोळाच्या सोळा मी धरले. तुम्ही माझ्यासमोर ऊस चघळत बसलास." तिचा आवाज आरती म्हणताना असतो तेवढाच होता. "आता आजारी मी आसय."

सहदेव खाली मातीत बघत होता. मग तो म्हणाला, "बरोबर आसा, नाना. आयेपुढे तुझोच शब्द होतो तो."

उभ्या जन्मात सहदेवने थोरल्या भावाविरुद्ध काढलेला हा पहिला शब्द. नानाने मानसीकडे बघितलं, ती फोन उलटासुलटा करत होती. देवाला हिणवणाऱ्या माणसाला देवाचं भय नसतं असं थोडंच आहे; नाना तर गावच्या रवळनाथाचं नाव निघालं तरी पायातल्या वहाणा काढायचा. त्याने ओंजळ पुढे केली. तुळशीच्या पानावरून वनमालेने पाणी घातलं, त्याच्याकडून रवळनाथाचं नाव वदवून घेतलं, आणि तीन दिवसांचं उदक खळ्यातल्या मातीत सुटलं.

मंगळवारी नाना सगळ्यांना सांगत हिंडला की अंग कसं हलकं वाटतंय. बुधवारी तो हिंडायचा थांबला. विहिरीच्या कट्ट्यावर पडून शेजारच्या घरातून येणाऱ्या भाजलेल्या सुकटाच्या वासाकडे तो तोंड करायचा, मग पाठ करायचा. एकदा मानसी म्हणाली, "नाना, पेशी कमजोर झाल्या का हो?" त्याने टॉवेल तोंडावर ओढून घेतला.

वनमालेचे तीन दिवस काही सोपे गेले नाहीत. मानसी दर दोन तासांनी वाटी आणायची. मऊ भात, डाळीचं पाणी, अंडं. बुधवारी संकष्टी होती. चंद्र बघितल्याशिवाय चाळीस वर्षांत तिने त्या दिवशी अन्न शिवलं नव्हतं. दुपारी बाराला तिने गणपतीपुढे निरांजन लावलं, कान धरले आणि तिथेच बसून उकडलेलं अंडं खाल्लं. सोललेल्या तोंडात ते निखाऱ्यासारखं फिरत होतं. अर्धं उलटून पडलं. तिने तोंड धुतलं आणि मानसीला दुसरं मागितलं.

गुरुवारी तरीतून खाडी ओलांडताना नाना दोन्ही हातांनी बाक धरून बसला होता. पारणं वनमालेची बाटली संपल्यावरच, असं तिने सांगितल्यामुळे त्याला सोबत येणं भागच होतं.

इस्पितळात काटा अडतीस किलो सहाशेवर थांबला. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली आणि कागदावर सही केली. वनमालेने काट्यावरून उतरताना हात जोडले.

तेवढ्यात बाहेरून चाकाची खुर्ची आली. तिच्यात नाना होता. डोक्याला उन्हाचा टॉवेल, गाल आत गेलेले, ओठ पांढरे. सिस्टरने त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळलेला.

"आजोबांना फार अशक्तपणा आहे," ती म्हणाली. "कितवी किमो यांची?"

"पेशंट मी आसय," वनमाला म्हणाली आणि पलंगावर जाऊन पडली. "ह्यांचो माझ्यासाठी उपास आसा."

सुई लागली, बाटली टांगली गेली. नानाने खुर्चीतूनच बाटलीकडे बघितलं. "सिस्टर, किती वेळ चलतली?"

"साडेतीन तास. सहन होत असेल तर थोडी वेगात सोडता येईल."

"सोडा," नाना म्हणाला.

वनमालेने डोळे मिटले होते. "नको गो बाय," ती म्हणाली. "माका घाई नाय. थेंब थेंब जाऊंदे."