शिलाईपुरतं

"खांब काढायचे म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"काढायचे म्हणजे उपटायचे," कुंपणवाला म्हणाला. "तुमच्या भावाने सांगितलंय. मी काय, सांगाल तिथं रोवतो. पण सिमेंट धरलंय, एवढं लक्षात घ्या."

मास्तर मशिनवरून तसेच उठून आले होते, गळ्यात टेप आणि बोटांना खडू. पलीकडे धाकटा स्वतःच्या दारात पाठ करून उभा होता, जणू त्या खांबांशी त्याचा काही संबंधच नव्हता. असं उभं राहायला त्याला लहानपणापासून छान जमत असे.

जागा वडिलांची, तिच्यावर दोघा भावांची दोन घरं. मास्तरांचं शिवणकामाचं दुकान पुढच्या खोलीत. त्यांची गिऱ्हाइकं गाड्या लावायची त्या नेमक्या धाकट्याच्या दारात, आणि बसच्या ड्यूटीवरून दमूनभागून आलेला तो रोज कोणाच्या तरी गाडीला अडखळायचा. एके दिवशी त्याचं डोकं फिरलं. मधे कुंपणच घालून टाकू, म्हणाला. मास्तरांना वाईट वाटलं, पण हो म्हणाले. कुंपण झालं तरी चालेल, भावाच्या मनात खोट राहायला नको, एवढीच त्यांची इच्छा होती. मापं तूच घे, तुझा तो धंदाच आहे, असं धाकट्याने सांगितलं, आणि तिथंच घोळ झाला.

मास्तरांनी हद्दीची रेघ बरोबर शोधली. मग चुन्याने खुणा केल्या त्या मात्र रेघेपासून वीतभर आत, स्वतःच्या बाजूला. जन्मभर त्यांनी कापड असंच बेतलं होतं. माणूस अंगाने भरतं, पोरं वाढतात. शिवणीच्या आत जादा कापड दुमडून ठेवलं की पुढे उसवून सैल करता येतं. धाकट्याच्या सदऱ्यांत तर ते हटकून जास्तच सोडत. उद्या त्याने गाडी घेतली, वळवायला जागा कमी पडली, तर? मास्तरांनी याची वाच्यता कुठे केली नाही. सदऱ्याच्या आतलं कापड कोणी गिऱ्हाइकाला दाखवत बसतं का?

धाकट्याने सुट्टीच्या दिवशी स्वतः माप घेतलं. आपली बाजू रुंद भरली हे पाहून त्याला आनंद व्हायचा तो संशय आला. त्या वीतभर पट्टीखालून सांडपाण्याचा पाइप जातो. तुंबला की निस्तरायचं आपण, असा दादाचा डाव आहे, हे त्याने एकदा मनाशी धरलं ते धरलंच. मास्तरांना हे कुंपणवाल्याकडून कळलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या पाइपचं नावही त्यांच्या मनात आलं नव्हतं.

ते तरातरा भावापुढे जाऊन उभे राहिले.

"अरे, तुलाच जागा राहावी म्हणून सोडली."

"मी मागितली होती?"

"मागायला कशाला लागते?"

"लागते, दादा," धाकटा शांतपणे म्हणाला. "तू द्यायचं आणि मी जन्मभर ऐकायचं. तो शाळेचा सदरा एकच शिवलास आणि चार वर्षं पुरला, हे माझ्या लग्नात ऐकलं, बारशात ऐकलं. परवा तुझ्या गिऱ्हाइकाने मला ऐकवलं. आता कुंपण रेघेवर म्हणजे रेघेवर."

गेल्याच आठवड्यात मास्तरांनी ती गोष्ट आणखी एकाला सांगितली होती.

दोन दिवस पहारीचे घाव चालले. दोन खांब मोडले, तार सैल पडली, कुंपणवाला पुटपुटत राहिला. शेवटी कुंपण रेघेवर उभं राहिलं आणि नको असलेली वीतभर जागा मास्तरांच्या पदरात पडली. तिच्यात ओळीने खड्डे होते, उसवलेल्या शिवणीवर भोकं राहतात तसे. ते कोणी बुजवलेही नाहीत.

दुकानातल्या फळीवर धाकट्याचं कापड पडून होतं. तो निवृत्त होणार होता, त्या दिवसासाठी सदरा हवा म्हणून त्याने भांडणाआधी आणून दिलेलं. मास्तरांनी ते टेबलावर पसरलं, खडूने आखलं, आणि कात्री लावली.

बटणं नेहमी मास्तरांची बायकोच लावायची. तिने सदरा उलटा केला, बगलेखालची शिवण बोटांनी चाचपली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"आत काहीच नाही ठेवलंत?"

"शिलाईपुरतं आहे."

"अहो, पण ड्यूटी सुटली की माणूस सुटतं."

"सुटू दे."

बटणं मात्र तिने दुहेरी दोऱ्याने लावली.

संध्याकाळी तिने सदरा तारेवरून पलीकडे दिला. धाकट्याने तो तिथंच अंगावरच्या बनियनवर चढवला, हात वर-खाली करून पाहिले.

"अगदी बरोबर बसला, वहिनी," तो म्हणाला. "दादाचं माप कधी चुकलंय का?"

आत मशिन थांबलं होतं. मास्तरांनी टेबलावरची उरलेल्या कापडाची पट्टी उचलली, तिच्यावरून इस्त्री फिरवली, घडी घातली आणि खणात जपून ठेवली.