न झाडलेली चावडी

“जमनी, आज झाडलं नाही का वं?” सरपंच पुंडलिकरावांनी विचारलं. एक बूट त्यांच्या हातात होता, दुसरा अजून पायात.

“नाही झाडलं,” जमनी म्हणाली.

कोलामांच्या या पोडात, म्हणजे वस्तीत, चावडीच्या अंगणात कुणी जोडे घालून जात नाही. देवाची जागा आहे ती. लग्नं तिथंच ठरतात, भांडणं तिथंच मिटतात. जमनी वीस वर्षं ते अंगण रोज सकाळी झाडते आहे. अलीकडे खराट्याआधी तिला ओणवं होऊन काचा आणि इंजेक्शनच्या सुया वेचाव्या लागतात. गावचा सगळा कचरा ग्रामपंचायतीचा ट्रॅक्टर पोडामागच्या नाल्यात ओततो आणि कुत्री त्यातल्या पिशव्या अंगणात ओढून आणतात. गावात कचऱ्याला जागा नाही म्हणे. कोलामांच्या उशाशी बरी सापडली.

दोन महिन्यांपूर्वी जमनीच्या नातीच्या, दीपाच्या टाचेत सुई घुसली. आधी कुणाला टोचलेली, कोण जाणे. यवतमाळला रक्त तपासलं, आता पुन्हा तपासायचं आहे. तोवर जमनी दिवस मोजते आहे.

मी इथली आरोग्यसेविका. अहवाल मीच लिहिला होता, ‘अनवाणी चालण्याच्या सवयीमुळे इजा.’ ट्रॅक्टरचं नाव घेतलं असतं तर सरपंचांशी वाकडं आलं असतं. त्या ओळीची मला लाज वाटते. तिच्यामुळंच आज तालुक्याचे साहेब निळ्या चपलांची खोकी घेऊन आले होते. ट्रॅक्टर थांबवा म्हणून जमनीनं तीनदा अर्ज दिला, त्याचं हे उत्तर.

साहेब मोजे काढून अंगणाच्या कडेला थबकले. समोर उन्हात काचा चमकत होत्या.

“कोणीतरी झाडून घ्या पटकन,” ते म्हणाले.

“कायले? चाला ना असेच. माही दीपी चालली तशी.”

“जमनी, पाहुणे हायेत. तमाशा नको करू,” पुंडलिकराव गुरगुरले.

“ट्रॅक्टर तुमचा, सुया तुमच्या गावच्या दवाखान्याच्या. अन् सवय आमची खराब?” मग ती माझ्याकडे वळली. “बाई, तुमी तं डोयानं पाह्यलं होतं.”

साहेब पुन्हा बूट चढवू लागले. “असंच जाऊ आत.”

“बूट घालून आत नोका येऊ,” जमनी शांतपणे म्हणाली. तिच्या बाजूला पोडातल्या बाया येऊन उभ्या राहिल्या.

कार्यक्रम रस्त्यावरच उरकला. चपला वाटल्या, फोटो निघाले. साहेब गाडीत बसताना मी म्हणाले, “साहेब, माझा अहवाल चुकला. हा कचरा ट्रॅक्टरनं येतो.”

पुंडलिकरावांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी बदली तिथंच झाली असावी.

“लेखी द्या,” साहेब म्हणाले आणि काच वर केली.

गाड्या गेल्या. जमनीनं टोपलं आणलं. अंगणाच्या कडेला तिनं नवी चप्पल काढून ठेवली, मग एकेक करत बाकीच्या बायांनीही काढल्या. निळ्या जोड्यांची रांग लागली आणि आत सगळ्याजणी ओणव्या होऊन काचा वेचू लागल्या. मीही सँडल काढले.

“बाई,” जमनी मान वर न करता म्हणाली, “खाली पाहून चाला.”