हॉस्टेलच्या सामानाची पैज

हॉस्टेलचं सामान कुठून घ्यायचं, यावरून त्या घरात आठवडाभर खडाजंगी चालली होती. खरं सांगायचं तर सामानाचं कुणालाच काही पडलं नव्हतं.

बाप म्हणे, मोबाइलवर मागवा, दारात येऊन पडेल. तो स्वतः टेम्पोतून लोकांच्या दारात सामान पोचवायचा, त्याला दुसरं काय सुचणार! आई म्हणे, आपल्या गल्लीत काय कमी आहे? गादीवाला आहे, भांडीवाला आहे, कोपऱ्यावर बादल्यांचं दुकान आहे, सगळे ओळखीचे, हाक मारली की ऐकू जाईल इतके जवळ. आणि लेक म्हणे, हायवेवरचं मोठं दुकान. चादरीपासून चमच्यापर्यंत सगळं एका छपराखाली, आणि मुख्य म्हणजे तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही.

लेकीला घरात शिडी म्हणायचे. अठरावं लागलं तेव्हाच ती बापाच्या डोक्यावरून पलीकडचं बघायला लागली होती. नाव लाडाचं, पण हल्ली ते आईच्या घशात अडकायचं. शिडी उभी आहे तोवर ठीक, पडली की अख्खीच्या अख्खी पडते.

आणि शिडी पडायची. सहावीत असल्यापासून तिला फिट्स यायच्या. बोलता बोलता डोळे एका जागी खिळायचे, आणि पुढच्या क्षणाला पोर जमिनीवर, हातपाय झटकत. गोळ्या सुरू झाल्यापासून खूप उतार होता. वर्षातून एखादी, कधी तीही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "खुशाल जाऊ द्या तिला हॉस्टेलला. खोलीतल्या मुलीला आणि वॉर्डनबाईंना सांगून ठेवा, म्हणजे झालं."

म्हणजे झालं, म्हणे! आईनं तिथं मान डोलावली आणि जिना उतरता उतरता लेकीला बजावलं, "कुणाला काही सांगायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा शिक्का बसला की जन्मभर पुसत बसशील."

तिचं हे पहिल्यापासूनचं. पोर शाळेत पडो, लग्नघरात पडो, बसस्टॉपवर पडो, आई गर्दी सारत पुढे व्हायची आणि म्हणायची, "काही नाही हो, सकाळपासून खाल्लं नाहीये तिनं." इतक्या वेळा म्हटलं की सगळ्या नातेवाइकांत शिडीची ख्याती झाली, पोरगी जेवत नाही. भेटेल ती मावशी तिच्या ताटात दोन घास जास्तच लोटायची. शिडी बिचारी निमूट गिळायची.

आई शिवणकाम करायची. गादीवाल्याकडे उरलेल्या स्पंजचे आणि चिंध्यांचे तिनं घरातल्या प्रत्येक कोपऱ्याला अंगरखे शिवले होते. टेबलाला, पलंगाला, शिलाई मशीनच्या फळीलासुद्धा. न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली होती. शिडीनं अंघोळ करताना गाणं म्हणायचं, असा नियम होता. सूर कसाही असो, आवाज बाहेर आला पाहिजे. गाणं थांबलं की आई दाराशी हजर. हॉस्टेलात कोण उभं राहणार दाराशी? हा एकच प्रश्न तिचं काळीज कुरतडत होता, आणि तो विचारायची सोय नव्हती, कारण विचारला की लेक म्हणायची, "म्हणूनच तर सांगायचं ना कुणाला तरी!"

शेवटी आईनंच पैज घातली. "जा हायवेवरच्या दुकानात. एकटी फिर, एकटीनं सगळं सामान घे. मी दाराशी थांबते. काही झालं, तर पुन्हा हॉस्टेलचं नाव काढायचं नाही. इथल्याच कॉलेजात जायचं."

"आणि काही नाही झालं तर?"

"तर जा."

"शब्द?"

"शब्द," आई म्हणाली.

बापानं दोघींना टेम्पोतून सोडलं. "तुमचं उरकलं की फोन करा," म्हणाला आणि सटकला. पळपुटा कुठला! पण जाताना आरशातून लेकीकडे किती वेळ बघत होता, ते आईनं पाहिलं.

दुकान कसलं, गावच ते. सरकते जिने, डोळ्यांवर येणारे दिवे, दोन माणसांच्या उंचीच्या फळ्या. शिडी ट्रॉली घेऊन आत शिरली. तिनं मागे वळून हात हलवला. काल रात्री सामानाच्या विचारात तिला झोप लागली नव्हती, डोळे थोडे सुजलेले होते. झोप कमी झाली की धोका, हे आईला पाठ होतं. 'आज नको, उद्या येऊ' हे शब्द तिच्या जिभेवर आले. पण तोवर ट्रॉली वळणावरून दिसेनाशी झाली होती.

दाराशी थांबणार होती ना बाई? डोंबलाचं थांबतेय. तिनं मनात दहा आकडेही मोजले नसतील, निघाली मागोमाग.

पडद्यांच्या आडून तिनं पाहिलं. शिडी चादरी चाचपत होती. मग टेबललॅम्पांपाशी. एक लॅम्प लुकलुकत होता. लुकलुकत्या उजेडानं फिट येऊ शकते, हेही आईला पाठ होतं. बाजूला हो गं, बाजूला हो तिथनं. शिडी बाजूला झाली आणि थेट काचेच्या सामानाकडे वळली. सगळीकडे काचच काच. ग्लास, बाटल्या, बरण्या, आणि त्यांच्या मधून ती लांबलचक पोर डुलत चाललेली. आईला काचा दिसत नव्हत्या, त्यांचे तुकडे दिसत होते. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसं झालं होतं तिचं.

"बाई, काही हवंय का?"

ती दचकली. दुकानाचा पहारेकरी मागे उभा होता.

"नाही, बघतेय नुसती."

"मघापासून बघताय. पडद्याच्या मागून." त्याची नजर तिच्या गळ्याकडे गेली. मापाची टेप तशीच लोंबत होती, घाईत काढायची राहिलेली. "पिशवी दाखवा जरा."

"अहो, माझी मुलगी आहे तिकडे..."

"मग तिच्याबरोबर फिरा की. लपताय कशाला?"

आता यावर काय बोलायचं? खरं सांगितलं तर बारा भानगडी. तिनं पिशवी उघडून दाखवली. पाण्याची बाटली, रुमाल, लेकीच्या जादा गोळ्या. "या कसल्या?" पहारेकऱ्यानं विचारलं. "माझ्या आहेत. डोकं दुखतं," ती म्हणाली. खोटं बोलायला तिला वेळ लागत नसे. त्यानं पिशवी परत केली, आणि तिनं वळून पाहिलं, तर काचेच्या सामानापाशी कुणीच नव्हतं.

ती चालू लागली. आधी सावकाश, लोकांनी बघू नये म्हणून. भांड्यांच्या गल्लीत नव्हती. इस्त्र्या, किटल्या, तिथं नव्हती. सगळ्या गल्ल्या सारख्या दिसत होत्या, आणि प्रत्येक वळणावर तिला वाटायचं, आता दिसेल, आणि दिसायचा भलताच कुणीतरी. फोन लावला. वाजत राहिला. उचलत का नाही? उचल गं बाई, एकदा उचल, मग मी दाराशी जाऊन बसते, देवाशपथ बसते.

तेवढ्यात खळ्ळकन आवाज झाला. काच फुटली.

ती आवाजाच्या दिशेनं धावली, टेप गळ्यातून कुठं गळून पडली ते तिला कळलंही नाही. तिथं एक जाडगेलासा गृहस्थ फुटलेल्या बरणीकडे अपराधी चेहऱ्यानं बघत उभा होता, आणि त्याची बायको त्याला फैलावर घेत होती. आईनं त्या माणसाला मनातल्या मनात शंभर आशीर्वाद दिले. तू फोड रे बाबा, अख्खं दुकान फोड.

ती कुठं श्वास घेते, तोच पलीकडच्या बाजूनं कुणी तरी ओरडलं, "अरे, पोरगी पडली! चमचा द्या, तोंडात चमचा घाला!"

या खेपेला तिला शंका आलीच नाही. आईला कळतं. ती धावली तेव्हा वाटेतल्या ट्रॉल्यांना आदळत गेली. गाद्यांच्या विभागात लोकांचं कडं झालं होतं. तिनं कोपरांनी वाट काढली, आणि तोंडातून आपोआप, सवयीनं, शब्द बाहेर पडले, "काही नाही हो, काही नाही, सकाळपासून खाल्लं नाहीये तिनं..."

शिडी जमिनीवर कुशीवर झोपलेली होती. झटके थांबले होते. घोरल्यासारखा श्वास चालू होता. ओठाच्या कडेला थोडं रक्त होतं. डोक्याखाली नवीकोरी उशी होती, वेष्टन फाडून घाईनं काढलेली. शेजारी निळ्या ॲप्रनमधली एक विक्रेती गुडघे टेकून बसली होती. एक हात शिडीच्या पाठीवर, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि डोळे मोबाइलच्या घड्याळावर. चमचेवाला काका हातात चमचा घेऊन दूर उभा होता, चांगलाच झापला गेल्यासारखा.

"मागे व्हा सगळे," विक्रेती म्हणाली. मग तिनं वर पाहिलं. "तुम्ही आई का?"

"हो. तिला ना, उपाशीपोटी चक्कर..."

"मावशी, फिट आली तिला," विक्रेती म्हणाली. "तिनं इथं गाद्यांपाशी आल्या आल्याच सांगून ठेवलं होतं मला. म्हणाली, ताई, मी इथं जरा वेळ फिरणार आहे, मला फिट्स येतात. पडले तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू देऊ नका, वेळ बघा, पाच मिनिटांत थांबलं नाही तर ॲम्ब्युलन्स बोलवा. दोनच मिनिटांत थांबलं. पण माझी पाचावर धारण बसली होती हो!"

आईनं वाकून रुमालानं लेकीच्या ओठाचं रक्त टिपलं.

"आणखी म्हणाली," विक्रेती जरा संकोचली, "एक बाई धापा टाकत येतील आणि सांगतील, ही सकाळपासून उपाशी आहे. ती माझी आई. दाराशी थांबते म्हणालीय, पण थांबणार नाही. तिचं ऐकू नका, पण तिला बसायला काही तरी द्या."

कुणी तरी खुदकन हसलं. कुणी तरी मागून खरंच एक स्टूल सरकवलं. आई त्याच्यावर बसली.

आधी तिला संताप आला. दुकानातल्या एका परक्या बाईला, नाव ना गाव, आणि सगळं सांगून मोकळी! सहावीपासून जिवापाड झाकून ठेवलं ते! मग तिची नजर काकांच्या हातातल्या चमच्याकडे गेली. चांगला जाड, स्टीलचा. पोरीनं सांगितलं नसतं, तर तो चमचा आता कुठं असता? आणि ती सांगत होती तेव्हा आपण कुठं होतो? पडद्यामागे, पहारेकऱ्याला सांगत होतो, गोळ्या माझ्या आहेत. आजवर सगळ्या दुनियेत एकटी आपणच राखण करतोय असं ती समजत होती, आणि दुसऱ्या कुणाला करता येऊ नये अशी व्यवस्थाही तिनंच केली होती. ती रडायला लागली. लोकांसमोर, चक्क.

गर्दी पांगली. शिडीनं डोळे उघडले. थोडा वेळ तिला काही उमगेना. मग तिनं छताकडे पाहिलं, ॲप्रनकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

"आई," ती जड जिभेनं म्हणाली, "झालं का काही?"

दरवेळी हेच विचारायची ती. तिला कधीच काही आठवायचं नाही. आणि दरवेळी आई म्हणायची, काही नाही गं, जरा चक्कर आली.

"झालं," आई म्हणाली. "फिट आली तुला. ओठ चावलायस. या ताईंनी सांभाळलं."

पैज तिला आठवत असावी, कारण तिचा चेहरा उतरला आणि डोळे भरून आले. रडू नये म्हणून तिनं चावलेला ओठ पुन्हा दाताखाली धरला.

"मग आता?" तिनं विचारलं.

आईला नाही म्हणायचं होतं. आज काय, जन्मभर नाही म्हणायचं होतं. उचलून घरी न्यायचं होतं तिला, त्या स्पंजाच्या कोपऱ्यांमध्ये. पुढच्या वेळी ही बाई शेजारी नसेल, जिना असेल, रस्ता असेल, सगळं सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं.

तिनं ट्रॉलीत डोकावलं. चादर होती, उशीचे अभ्रे होते, प्लॅस्टिकचे पेले होते. काचेचं एकही भांडं पोरीनं घेतलं नव्हतं.

"आता काय," आई म्हणाली, "बादली राहिलीय ना घ्यायची? पड तू जरा वेळ. मी आणते."

ती उठली. विक्रेतीला म्हणाली, "बघाल ना हो?" आणि ती "हो" म्हणायच्या आत चालू लागली. मागे वळून पाहायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. बादल्या दोन गल्ल्या पलीकडे होत्या. तिथून फळ्यांवरून शिडीचा आवाज ऐकू येत होता, जडच, पण येत होता. ती विक्रेतीला सांगत होती, हॉस्टेलला गेले की खोलीतल्या मुलीला हे सगळं असंच सांगायचंय.

मग आवाज थांबला.

आईचा पाय वळला. ती कान देऊन उभी राहिली. काहीच ऐकू येईना. दोन गल्ल्या, फार तर वीसेक पावलं. हातातल्या बादलीची कडी वाजत होती. तिनं ती कडी मुठीत घट्ट धरली, बादली खाली ठेवली, आणि शेजारची निळी बादली पालथी करून तिचं बूड बघायला घेतलं.