एक्याण्णव किलोचा पेशंट

"काका, पोट आत घ्या, दार अरुंद आहे," पुतणी ओरडली.

"पोट आतच आहे. दार बाहेर आलंय," काका बाजेवरून म्हणाले.

हे भांडण रोजचं. पुतणीला अ‍ॅम्ब्युलन्सवरची नोकरी हवी होती. लेखी परीक्षा पार पडली. उरली होती ती अंगातल्या ताकदीची. पंचाहत्तर किलोचा पुतळा स्ट्रेचरवर घालून दोघांनी तीन जिने उतरवायचा, मध्ये टेकवायचा नाही. मागच्या वर्षी दुसऱ्याच जिन्यावर तिचे हात सुटले होते. वयाच्या अटीत ही शेवटची खेप. नाहीतर आहेच जन्मभर शेणाची पाटी.

आधी तिनं खताच्या गोण्या उचलून पाहिल्या. पण गोणी निमूट असते, माणूस हलतो. म्हणून जिवंत पेशंट शोधला. धान्याच्या काट्यावर काका एक्याण्णव भरले. "हे काय बाईमाणसाचं काम?" असं पारावर सगळ्यात मोठ्यानं म्हणणारेही तेच. पण शेतातून घरापर्यंत आडवं जायला मिळतंय म्हटल्यावर त्यांनी ते मत गुंडाळून उशाला घेतलं.

स्ट्रेचर म्हणून बाज. पुढची बाजू पुतणीची, मागची काकूची. नांगरटीची ढेकळं, ओढ्याचा चढ, मग माडीचा जिना, वर-खाली.

"हळू गं! मी काय पोतं आहे?"

"पोतं परवडलं. गप्प तरी असतं," मागून काकू.

महिन्याभरात पुतणीच्या तळव्यांना घट्टे पडले आणि काकांचं वजन तीन किलोंनी वाढलं.

परीक्षेत पुतळा उचलला, तर भलताच हलका. शेवटच्या वळणावर सवयीनं तिच्या तोंडून गेलं, "काका, हात आत घ्या, भिंत लागेल." बाकीचे उमेदवार फिदीफिदी हसले. तपासणाऱ्या बाई मात्र लिहिता लिहिता म्हणाल्या, "पेशंटशी बोलणारी सकाळपासून ही पहिलीच."

ती पास झाल्याचं कळलं तेव्हा काका पारावर छाती काढून बसले. "पोरीनं नुसतं उचललं. भार सगळा माझा!"

संध्याकाळी ते बांधावरच्या बाजेवर आडवे झाले, हात शिस्तीत आत घेऊन. ऊन कललं, ढेकळं गार पडली. शेवटी काकू आली. एकटीच.

"पुढची बाजू कोण धरणार?" काकांनी विचारलं.

"तुम्ही. उठा, बाज घरी न्यायचीय."

ओढ्याच्या चढापर्यंत काकांनी दोनदा टेकवली. रिकामीच होती.