जिन्यावरचा बल्ब

सकाळी अकरा वाजता वकीलसाहेब आपल्या व्याह्यांच्या सोफ्याच्या कारखान्यात शिरले आणि कोणाशी न बोलता थेट जिन्याखाली जाऊन उभे राहिले. माळ्यावर जाणारा लाकडी जिना तोच होता. वरच्या वळणावरचा होल्डरही जुन्याच जागी होता, फक्त त्यात आता पांढरा एलईडी बल्ब होता. त्यांनी बटण दाबलं, दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला.

शिलाई मशीनवरून व्याहीणबाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, बटण विकत हवं असेल तर काढून देते. खेळू नका त्याच्याशी."

वकीलसाहेब हसले, पण त्यांचं लक्ष होल्डरवरून हललं नाही.

वकिली सोडल्यावरचं पहिलं वर्ष त्यांनी घरच्यांना छळण्यात घालवलं होतं. दूध उशिरा का आलं इथपासून पंखा कोणी चालू ठेवला इथपर्यंत सगळ्याची उलटतपासणी चाले. पुढे ते रहस्यकादंबरी लिहायला बसले तेव्हा घराने सुटकेचा निःश्वास टाकला. जन्मभर फौजदारी खटले लढवलेला माणूस, त्याला कथानकांची काय ददात? लिहीत ते हाताने. सूनबाई दातांच्या डॉक्टर. दोन पेशंटांच्या मधल्या वेळात त्या पानं वाचत आणि लाल पेनाने समासात शेरे मारत. सासऱ्यांची भीडभाड त्यांनी कधीच ठेवली नाही, आणि वकीलसाहेबांना तेच आवडे.

सात प्रकरणं वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बाबा, तुमचा इन्स्पेक्टर दात हलवून बघतो, ढिला आहे म्हणतो आणि पेशंटला घरी पाठवतो. उपटत का नाही?"

वकीलसाहेबांना राग आला. मग त्यांनी पानं परत वाचली आणि राग गिळला. सून बरोबर होती. इन्स्पेक्टर प्रत्येक संशयिताला नेमका शेवटच्या प्रश्नापर्यंत आणत होता आणि टोपी घालून निघून जात होता. हा दोष इन्स्पेक्टरचा नव्हता. ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही तो प्रश्न कोर्टात विचारायचा नाही, आणि आपलं काम झालं की खाली बसायचं, ही सवय वकीलसाहेबांच्या हाडीमाशी खिळली होती. अशिलाला तर त्यांनी "तू केलंस का?" असं कधीच विचारलं नव्हतं. कागदावर खून झाला होता, प्रेत होतं, हत्यार होतं. फक्त खुनी कोण हे लेखकाला माहीत नव्हतं आणि विचारायची हिंमतही नव्हती.

आठव्या प्रकरणासाठी त्यांनी एक खरा खटला घेतला. त्यात सोफ्याच्या कारखान्याची बेकरी केली, साक्षीदार टेम्पोवाल्याचा पाववाला केला, पण जिना तसाच ठेवला. दोन भागीदारांची भांडणं, एका संध्याकाळी एक भागीदार माळ्यावरून जिन्यात कोसळतो आणि मरतो. खाली उभा असलेला साक्षीदार म्हणतो, दुसऱ्याचा हात पाठीवर पाहिला. वकील विचारतो, जिन्यावर दिवा होता का? साक्षीदार म्हणतो, नव्हता. वकील खाली बसतो. आरोपी सुटतो.

सूनबाईंनी तिथे लाल पेनाने लिहिलं, "दिवा नव्हता म्हणजे? बल्ब गेला होता की कोणी काढला होता? गेला असेल तर अपघात. काढला असेल तर कोणीतरी आधीच ठरवलं होतं."

वकीलसाहेबांच्या मनात पाल चुकचुकली. तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना सुचला नव्हता, की त्यांनी तो सुचू दिला नव्हता, हे त्यांचं त्यांनाच सांगता येईना. कारण तो आरोपी म्हणजे त्यांचे व्याही, सूनबाईंचे अप्पा. खटल्याच्या वेळी सूनबाई शाळेतही जात नव्हत्या. वडिलांवर खोटा आळ आला आणि वकीलसाहेबांनी तो पुसला, एवढंच त्यांना ठाऊक. मुलाने पुढे हीच मुलगी पसंत केली तेव्हा वकीलसाहेब स्वतः मागणी घालायला या कारखान्यात आले होते, आणि याच जिन्याखाली चहा प्यायले होते.

प्रश्न मागे घ्यावा तर कादंबरी तिथेच मेली. विचारावा तर त्याचं उत्तर रोज त्यांच्याच घरात, त्यांच्यासमोर जेवायला बसणार. पण एकदा किडा वळवळायला लागला की गप्प बसवत नाही, म्हणून ते आले होते.

व्याही एका खुर्चीच्या पाठीवर कापड ताणून खिळे मारत होते. गाद्यांच्या कामातल्या जुन्या कारागिरांसारखे ते बारीक खिळे तोंडात धरत आणि जिभेने एकेक पुढे काढत. त्यामुळे काम चालू असताना त्यांच्याशी बोलणारा एकटाच बोले. वकीलसाहेबांनी स्टूल ओढलं आणि कादंबरीची हकीकत सांगितली. बेकरी झालीय हे ऐकून व्याह्यांचे डोळे हसले. मग वकीलसाहेबांनी विचारलं.

"त्या संध्याकाळी तो बल्ब गेला होता, की काढलेला होता?"

हातोडी थांबली. व्याह्यांनी तोंडातले खिळे एकेक करून तळहातावर काढले. मुठीत धरले.

"तेव्हा विचारलं नाहीत."

"तेव्हा गरज नव्हती."

"मला रोज वाटायचं, आज विचारतील. उत्तर तयार ठेवलं होतं मी. तुम्ही विचारलंच नाहीत, म्हणून मी समजलो की तुम्हाला ठाऊक आहे. मुलगी मागायला आलात तेव्हा हिला म्हटलंसुद्धा, वकीलसाहेबांना सगळं ठाऊक आहे आणि तरी आलेत."

वकीलसाहेबांचा कान त्या "तरी"वर अडकला. कोर्टात अशा एका शब्दावर त्यांनी साक्षीदाराला अर्धा दिवस उभं ठेवलं असतं. पण निर्दोष माणसाच्या तोंडीही तो शब्द बसत होता. आळ आलेल्या घरातून सून कोण आणतं? मशीनचा आवाज मघापासून थांबला होता हेही त्यांच्या लक्षात आलं.

"मग काय उत्तर होतं?" त्यांनी विचारलं. उत्तर ठाऊक नसताना असं विचारायची त्यांची ही पहिलीच वेळ.

"तयार केलेलं सांगू की खरं?" व्याही म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता पुढे बोलले, "पोरगी वाचते ना हे?"

"पहिली तीच वाचते."

"मग तिने विचारलं तर तिला सांगेन. तुम्ही लेखक झालात, तुमचं तुम्ही रचा."

आणि त्यांनी खिळे परत तोंडात टाकले.

वकीलसाहेब घरी येऊन लिहायला बसले. दुपारपर्यंत प्रकरण झालं. या वेळी इन्स्पेक्टर टोपी न घालता बसून राहिला आणि त्याने शेवटचा प्रश्न विचारला. उत्तराची ओळ वकीलसाहेबांनी कोरी ठेवली. पानं त्यांनी नेहमीच्या जागी ठेवली. मग त्यांनी स्वतःला समजावलं की बेकरीच्या आड सोफ्याचा कारखाना कोणाला दिसणार नाही.

सूनबाई दवाखान्यातून जेवायला आल्या आणि उभ्या उभ्याच वाचायला लागल्या. एका जागी हसल्या. शेवटच्या पानावर हसू थांबलं. लाल पेन हातात होतं, पण त्यांनी काही लिहिलं नाही.

"बाबा, बेकरीवाल्याच्या तोंडात खिळे कसे?"

वकीलसाहेबांनी पान घेतलं. लिहिलं होतं, प्रश्न ऐकताच बेकरीवाल्याने तोंडातले खिळे एकेक करून तळहातावर काढले. जन्मभर जे पाहिलं तेच टिपून ठेवण्याची सवय. सगळं बदललं होतं, हे तेवढं राहून गेलं.

"चुकून पडलं," ते म्हणाले.

"ही अप्पांची गोष्ट आहे?"

खोटं बोलता आलं असतं. कादंबरीकार झाल्यापासून त्याची परवानगीही होती. ते काहीच बोलले नाहीत, आणि गप्प बसणाऱ्या साक्षीदाराचा अर्थ काय लावतात हे त्यांनीच सुनेला कैकदा गमतीने सांगितलेलं होतं.

सूनबाईंनी ते एक पान घडी करून पर्समध्ये ठेवलं. दवाखान्यात फोन करून दुपारच्या पेशंटांना उद्या बोलवायला सांगितलं. जेवण झाकून ठेवलं. दारात चपला घालताना त्यांनी विचारलं, "तुम्हाला माहितीये उत्तर?"

"नाही."

"कधीच नव्हतं?"

"नाही."

दार ओढून घेऊन त्या गेल्या.

पाच वाजता व्याहीणबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज सकाळसारखा नव्हता. पोरगी आल्याला बराच वेळ झाला, बाप-लेक दोघं जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेत, मला मशीन चालू ठेवायला सांगितलंय, असं त्या म्हणाल्या. फोनमधून मशीनचा आवाज येत नव्हता.

"ऐकू येतंय का काही?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "आत्ता ती उठली. तिने बल्ब काढून हातात घेतलाय."