रिकामा कप

मी चिंतू. आमच्या मुरबे गावात कुणाची चप्पल हरवली की आधी माझ्या घराची झडती घेतात. तारापूर एमआयडीसीतल्या एका सुपरवायझरला मी सांगितलं होतं, बोंबील दुधात शिजवायचे असतात. त्यानं शिजवले. अजून बोईसरच्या बाजारात मी दिसलो की तो रस्ता बदलतो.

असल्या माणसाला दिशानं दुभाषी केलं. दिशा माझी पुतणी, पालघरच्या कॉलेजात एमए करते. अभ्यास कसला, तर अमेरिकन सिरियलींचा! आपल्याकडची माणसं त्या कशा बघतात, ते वहीत लिहायचं. बघायला बसवली आपलीच आई, हंसावहिनी. आणि इंग्रजी समजावायला मी, कारण दहा वर्षं जहाजावर कुक होतो.

सिरियल तिकडच्या एका मच्छीमार गावातली. एका बाईचा नवरा बोटीवर गेला तो परत आलाच नाय. दिशानं ती मुद्दाम निवडली का, मी विचारलं नाय. माझा भाऊ दादू, वहिनीचा नवरा, तीन वर्षांपूर्वी वादळात गेला. बोट सापडली, दादू नाय. वहिनीनं त्याचं बारावं करू दिलं नाय. रोज दुपारी त्याचं ताट वाढून झाकून ठेवते, संध्याकाळी मांजरीला घालते. दादू होता तेव्हा त्याच्या ताटातली पापलेटची शेपटी मी हटकून पळवायचो. या झाकलेल्या ताटाला कधी हात लावला नाय.

दुपारची जेवणं झाली की लॅपटॉपवर एक भाग. मी वाट्टेल ते सांगायचो.

"पाद्री काय बोलला?"

"सुकट महाग झाली म्हणतो."

"भाऊजी, डोळे बघा त्याचे. सुकटीपायी कोण रडतं?"

वहिनीची नजर भारी. जन्म गेला डोक्यावर मासळीची टोपली घेऊन. एकदा सिरियलीतल्या बाईनं कॉफीचा कप उचलला तशी म्हणाली, "दिशे, लिही. हिचा कप रिकामा हाय."

"कशावरून?"

"मनगट बघ की तिचं. भरलेला कप असा उचलतात काय? कॉफीबिफी काय नाय त्यात, नुसती नाटकं."

दिशा नाचायचीच बाकी राहिली. मग आमी गोष्ट सोडून कपच बघायला लागलो. नऊ भागांत एक भरलेला निघाला नाय.

दहाव्या भागाच्या आधी दिशानं मला ओट्यावर ओढलं. "काका, हा शेवटचा. लोकांनी फार बघितली नाय, म्हणून कंपनीनं पुढं काढलीच नाय. आणि शेवटी ती बाई म्हणते, तो आता येणार नाय. आई मला रोज विचारते, तो येतो ना गं? काय करू? नको दाखवू?"

"दाखव," म्हटलं. "मी हाय ना."

बाई धक्क्यावर उभी. लांब समुद्रात एक दिवा. शेजारी उभ्या सासूला ती काहीतरी पुटपुटली, आणि संपलं.

"काय बोलली?" वहिनीनं माझ्याकडं तोंड फिरवलं.

"म्हणाली, आला तो. दिवा त्याच्याच बोटीचा." वर मी हसलो पण. एवढी सफाईदार थाप जन्मात मारली नव्हती.

दिशाचं पेन थांबलं.

"परत लाव," वहिनी म्हणाली. "आवाज नको."

आमी तिघांनी ती बाई परत बघितली, मुकी. दिवा होता, पण ती दिव्याकडं बघतच नव्हती. पायाखालच्या फळ्यांकडं बघत होती.

"नवरा आला तर बाई अशी उभी राहत नाय," वहिनी हळूच म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "भाऊजी, तुमचा कप रिकामा हाय."

मी लॅपटॉप मिटून टाकला.

ती उठली, आत गेली, दादूचं ताट घेऊन आली. माझ्यापुढं ठेवून झाकण काढलं.

"जेवा."

"वहिनी, आत्ताच तर जेवलो."

"शेपटी हाय. तुमालाच लागते ना ती?" पदरानं झाकणाचं पाणी पुसत म्हणाली, "आणि उद्या भटजींना बाराव्याचं विचारून या."

दिशानं वही मिटली.

मी शेपटी उचलली. वहिनी माझं मनगट बघत होती.